लाल बॅगवाला माणूस

"तो लाल बॅगवाला माणूस खांबाच्या पलीकडे कधी गेला?"

रात्री साडेअकराला अनोळखी नंबरवरून एवढाच मेसेज. मी दात घासत होते. तोंडात ब्रश तसाच ठेवून तो तीनदा वाचला. कुठला माणूस, कुठला खांब, काही टोटल लागेना. चुकून आला असेल म्हणून फोन ठेवला, चूळ भरली, आणि आरशात बघता बघता एकदम पोटात गोळा आला. तो माणूस मला माहीत होता. खांबही माहीत होता. आणि तो माणूस तो खांब कधी ओलांडतो, हे जगात फक्त माझ्याच संगणकात होतं.

तीन आठवड्यांपूर्वी एका मोठ्या रेल्वे स्टेशनच्या हॉलमध्ये, ऐन गर्दीच्या वेळी, एका मुलाने गुडघ्यावर बसून एका मुलीला लग्नाचं विचारलं आणि मी वीसेक मीटरवरून, वेळापत्रकाच्या फलकाआड उभी राहून, त्याचे फोटो काढले. हे माझं काम आहे. लग्नांचे फोटो काढता काढता कधीतरी त्याच्या अलीकडच्या पायरीवर येऊन पोचले, आणि आता वर्षातून दहा-बारा वेळा तरी कुणीतरी कुणालातरी विचारत असताना मी खांबामागे, झाडामागे, कारंज्यामागे असते. ह्या मुलाची एक मागणी मात्र वेगळी होती. इतरांना पंचवीस-तीस निवडक फोटो पुरतात. हा म्हणाला, "गुडघा टेकल्यापासून मिठीपर्यंतचा एकही फोटो गाळू नका. सगळे द्या, ओळीने." त्याला त्या फोटोंची एक छोटी जाड वही बांधून घ्यायची होती. अंगठ्याने पानं भराभर सोडली की चित्र हलतं ना, तसली. शाळेत आपण वहीच्या कोपऱ्यात काड्यांचा माणूस काढून त्याला उड्या मारायला लावायचो, तीच गंमत. कल्पना मला फार आवडली. मी हो म्हटलं.

आणि १९४ फोटोंमधले ८ काढून ठेवून बाकीचे पाठवले.

माझा कॅमेरा त्या दिवशी सेकंदाला १० फोटो काढत होता. म्हणजे ८ फोटो म्हणजे पुरता एक सेकंदही नाही. डोळ्यात गेलेलं कुसळ काढायला याहून जास्त वेळ लागतो. कुणाच्या लक्षात येणार होतं? तिच्या आलं. स्वतःच्या चेहऱ्यावरून नाही, आपल्या मागून गाडी पकडायला धावत जाणाऱ्या एका परक्या माणसावरून. फोटो क्रमांक ४११ मध्ये तो खांबाच्या अलीकडे आहे, एक पाय हवेत, पाठीवर लाल बॅग उडालेली. त्याच्या पुढच्याच फोटोत तो खांबाच्या बराच पलीकडे. मधे खांबामागे जाणं नाही, बाहेर येणं नाही. मी तिचा चेहरा इतका काळजीपूर्वक जुळवला होता, की मागच्या माणसाचा विचारच केला नव्हता.

असं काम बाहेरून सोपं वाटतं. एकजण विचारणार, दुसरी हो म्हणणार, आपण बटण दाबायचं. खरं म्हणजे नव्वद टक्के काम आदल्या दिवशी झालेलं असतं. त्याला हॉलमधल्या मोठ्या घड्याळाच्या बरोब्बर खाली विचारायचं होतं, कारण ते दोघं नेहमी तिथेच भेटत. मी जाऊन पाहिलं तर घड्याळाखाली छताच्या दिव्यांचा उजेड सरळ डोक्यावर पडत होता आणि प्रत्येकाच्या डोळ्यांच्या खोबणी काळ्या दिसत होत्या. त्याच्या चार पावलं डावीकडे मात्र पश्चिमेच्या उंच खिडक्यांतून ऊन तिरपं येत होतं, फक्त वीस-पंचवीस मिनिटं. मी त्याला फरशीवरची एक तडा गेलेली लादी दाखवली आणि म्हटलं, तुझं घड्याळ आता हे. मग गुडघ्याचा धडा. कॅमेऱ्याच्या बाजूचा गुडघा खाली टेकायचा, पलीकडचा वर ठेवायचा. उलटं केलं तर वर आलेला गुडघा डबीच्या आड येतो. डबी पलीकडच्या हातात, म्हणजे अलीकडचा दंड चेहरा झाकणार नाही. डबी आधी एकदा चाचपून घ्यायची, उलटी धरून उघडू नये म्हणून. हे शेवटचं हसण्यावारी नेतात सगळे, आणि चारातला एकजण तरी उलटीच उघडतो. हा मुलगा सगळं मन लावून ऐकत होता. व्हिडिओ कॉलवर त्याने तीनदा गुडघा टेकून दाखवला. प्रत्यक्ष त्या वेळी अर्थात चुकीचाच टेकला.

खूण ठरली होती. तो पाठीवरची सॅक काढून खाली ठेवेल, तेव्हा मी तयार व्हायचं. मी चाकांची मोठी बॅग घेऊन प्रवासी बनून उभी होते, परवानगीचा कागद खिशात. चेहरा ओळखून फोकस धरायची कॅमेऱ्याची सोय मी अशा ठिकाणी बंद करते, कारण गर्दीत तिला दर क्षणी नवा चेहरा आवडतो. एकाच बिंदूवर फोकस ठेवून तो त्या लादीवर रोखून धरला. कॅमेऱ्याचा आवाजही बंद केला नव्हता. आवाज बंद करून अशा दिव्यांखाली काढलं, की कधी कधी चित्रावर आडवे पट्टे उमटतात, आणि स्टेशनात शटरचा आवाज ऐकतो कोण? ते आले. ती काहीतरी सांगत होती, हातवारे करत, बहुधा कुणाचीतरी नक्कल. तो ऐकत नव्हता हे मला वीस मीटरवरून कळत होतं. त्याने सॅक काढली आणि नेमक्या त्याच वेळी माझ्या कानाशी आवाज आला, "मॅडम, काय चाललंय हे?" सुरक्षारक्षक. मी डोळा न काढता म्हटलं, "दोन मिनिटं दादा, लग्न ठरतंय." तो थबकला. मग माझ्या खांद्याशी वाकून, माझ्या लेन्सच्या दिशेने बघत, एकदम हळू आवाजात त्याने विचारलं, "हो म्हणेल का?"

या प्रश्नाचं उत्तर मला दर वेळी द्यावंसं वाटतं आणि कधीच देता येत नाही. लोक म्हणतात, एवढ्या लोकांत विचारतोय म्हणजे उत्तर माहीतच असणार. बहुतेकदा असतंही. लग्नाचं बोलणं घरात, फोनवर, रात्री उशिरा कधीच होऊन गेलेलं असतं. बाकी असतो तो फक्त दिवस आणि जागा. पण एकदा एका बागेत, कारंज्यापाशी, एका मुलीने खाली वाकून त्याच्या कानात काहीतरी सांगितलं, त्याला दंडाला धरून उठवलं आणि दोघं न बोलता फाटकाकडे चालू लागली. मी लेन्स फिरवून कारंज्याचे फोटो काढत राहिले. जणू पाण्यासाठीच आले होते. आजूबाजूला फोन वर धरून उभे असलेले लोक ते खाली घ्यायलाही लाजत होते. संध्याकाळी त्याने ठरलेले सगळे पैसे पाठवले आणि लिहिलं, "सगळं डिलीट करा प्लीज." मी केलं. ती त्याच्या कानात काय म्हणाली याचा विचार मात्र अधूनमधून येतो. ती त्याचा अपमान होऊ नये म्हणून एवढी वाकली, आणि इतक्या हळू बोलली. नकार इतका मायेने देताना मी दुसऱ्या कुणाला पाहिलेलं नाही.

तर स्टेशन. त्याने गुडघा टेकला, चुकीचा. डबी उघडली, सुलटी. मी शटर दाबून धरलं आणि त्या सरसर आवाजात पुढची वीस सेकंदं निघून गेली. त्यात मी काही पाहिलं असं म्हणता येणार नाही. फोटो काढणारा त्या क्षणाला हजर असतो हा गैरसमज आहे. मी कडा बघत होते. कुणाची चाकाची बॅग चौकटीत शिरतेय का, त्याच्या डोक्यातून मागचा फलक उगवल्यासारखा दिसतोय का, ऊन तिच्या कपाळावर जास्त तर होत नाही ना. तिने दोन्ही हात तोंडावर नेले, मान हलवली, तो उठला, मिठी. टाळ्या. रक्षकाने माझ्या पाठीवर थाप मारली, जणू मीच हो म्हटलं होतं. मी त्यांच्यापाशी गेले, हात मिळवले, तिने मला मिठी मारली, तिचे गाल ओले आणि गरम होते. मग त्याच उन्हात आणखी पंधरा मिनिटं रीतसर फोटो. कॅमेऱ्याकडे बघून हसलेले. ते फोटो सगळ्यांचे सारखेच येतात, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

रात्री संगणकावर ओळीने बघायला घेतले तेव्हा ४१२ वर थांबले.

४११ मध्ये ती अजून मघाच्या नकलेतच आहे. ओठ हसलेले, नजर त्याच्यावर. ४१२ मध्ये हसू जागेवर आहे, पण डोळे निघाले आहेत. ४१३ मध्ये ते त्याच्या खांद्यावरून मागच्या गर्दीवर. ४१४ मध्ये उजवीकडे, जिथे दोन फोन आधीच वर आलेत. ४१५ मध्ये ओठ मिटले. नुसते मिटले नाहीत, आत ओढले गेले, आपण थंड पाण्यात पाय टाकताना ओढतो तसे. ४१६ मध्ये हनुवटी किंचित वळली, आणि ४१७ व ४१८ मध्ये ती सरळ लेन्समध्ये बघते आहे. माझ्याकडे. फलकाआड, वीस मीटर लांब, गर्दीच्या आरपार. त्या नजरेत मला जे दिसलं ते लिहायला हात धजत नाही, पण त्या रात्री मला शंका नव्हती: रस्ता ओलांडताना मधेच सिग्नल बदलला, की माणूस दोन्हीकडे बघतो, तसं ते बघणं होतं. ४१९ मध्ये डोळे मिटलेले, नुसती पापणी लवली असेल. ४२० मध्ये दोन्ही हात तोंडावर, डोळ्यांत पाणी, जगातल्या सगळ्या सुंदर फोटोंसारखा एक सुंदर फोटो.

आणखी एक गोष्ट दिसली, ती सांगायला हवी. तिच्या मागे एक हिरव्या कोटातल्या बाई उभ्या आहेत. ४१४ मध्ये त्यांचे तळवे एकमेकांना टेकलेले आहेत, ४१६ मध्ये लांब, ४१८ मध्ये पुन्हा टेकलेले. त्या टाळ्या वाजवत होत्या. तिची मान होकारात पहिल्यांदा खाली जाते ती ४४० मध्ये. म्हणजे टाळ्या उत्तराच्या दोन-अडीच सेकंद आधी सुरू झाल्या होत्या. बाईंचा चेहरा आनंदाने नुसता फुललेला आहे, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. मीही तिथे असते तर वाजवल्या असत्या. मी तिथेच होते, खरं तर.

घोडा धावताना त्याचे चारही पाय एकाच वेळी जमिनीवरून उचललेले असतात का, या प्रश्नासाठी लेलँड स्टॅनफर्ड नावाच्या धनाढ्य माणसाने एडवर्ड मायब्रिजला कामाला लावलं होतं, आणि १८७८ साली मायब्रिजने धावपट्टीच्या कडेने कॅमेऱ्यांची रांग लावून, घोड्याच्याच धावण्याने दोरे तुटून शटर पडत जातील अशी रचना करून, उत्तर काढलं. पाय उचललेले असतात. पण गंमत त्याच्या पुढे आहे. चित्रकार तोवर घोडा हवेत दाखवायचे तो पुढचे पाय पुढे, मागचे मागे ताणलेला, ऐटदार. फोटोंत तो हवेत होता तेव्हा चारही पाय पोटाखाली गोळा झालेले, अगदी बेंगरूळ. लोकांना तो खरा घोडा खोटा वाटला. माझे ते ८ फोटो बघताना मला तो घोडा आठवत होता. होकाराचं चित्र आपल्या मनात आधीच काढलेलं असतं: हात तोंडावर, डोळ्यांत पाणी. त्याच्या अलीकडे माणूस पाय पोटाशी घेऊन हवेत असतो, हे बघायची सवय कुणाला?

मग मी जे करायला नको तेच केलं, वाचत बसले. १९६६ साली अर्नेस्ट हॅगार्ड आणि केनेथ आयझॅक्स या दोघांनी मानसोपचाराच्या बैठकांच्या फिल्म्स संथ गतीने चालवून पाहिल्या, तेव्हा त्यांना रुग्णांच्या चेहऱ्यांवर असे भाव सापडले जे नेहमीच्या वेगात कुणालाच दिसले नव्हते. आले आणि गेले. पुढे पॉल एकमनने त्यावर आयुष्यभर काम केलं. त्याचं म्हणणं असं, की हे भाव सेकंदाच्या पंचविसाव्या भागातसुद्धा येऊन जातात. मी ताठ बसले. म्हणजे मला दिसलं ते खरंच होतं तर! पण त्याच माणसाचा इशाराही तिथेच होता, की भीती दिसली म्हणजे भीतीचं कारण दिसलं असं होत नाही. तेवढं वाक्य मी वाचलं आणि सोडून दिलं. आपल्याला हवं ते सापडलं की पुढचं वाक्य आपण भरभर वाचतो.

का गाळले ते ८? मेसेज आल्यावर रात्रभर हाच प्रश्न घेऊन पडले. पहिलं उत्तर पटकन आलं: तिच्यासाठी. तिचा क्षणभराचा खासगी गोंधळ कायमचा वहीत कशाला बांधून ठेवायचा? हे उत्तर इतकं चांगलं होतं की मला त्याचाच संशय आला. दुसरं उत्तर: त्याच्यासाठी. बिचारा दर वाढदिवसाला ती वही काढणार, पानं सोडणार, आणि कधीतरी अंगठा अडकून बरोब्बर ४१५ उघडणार. तिसरं उत्तर पहाटे आलं. मला माझे फोटो चांगले दिसायला हवे होते. मी लोकांना विकते ती गोष्ट एकच आहे, आणि त्या गोष्टीत असा चेहरा बसत नाही. आजवर मी फोटोतून कचऱ्याचे डबे काढलेत, विजेच्या तारा काढल्यात, एकदा एका माणसाच्या डोक्यावर बसलेलं कबूतर काढलंय (त्याचं मला अजून वाईट वाटतं, फार छान कबूतर होतं). माणसाच्या चेहऱ्यावरून सेकंद काढला तो पहिल्यांदाच, आणि काढताना डबा काढण्याइतकंच सोपं गेलं.

जगातली सगळ्यात प्रसिद्ध प्रेमाची छायाचित्रं भर गर्दीतली आहेत, हा योगायोग नसावा. रॉबर्ट द्वानोचं १९५० सालचं पॅरिसच्या नगरपालिकेसमोरचं चुंबन किती भिंतींवर लागलं असेल. लोक वर्षानुवर्षं समजत होते की द्वानोने रस्त्यावर सहज टिपलं. एका जोडप्याने तर आपणच ते दोघं म्हणून दावा लावला, आणि शेवटी १९९३ मध्ये द्वानोला सांगावं लागलं, की ती दोघं नाट्यशाळेतली मुलं होती, त्याने त्यांना विचारून तिथे उभं केलं होतं. दुसरं त्याहून अवघड. १४ ऑगस्ट १९४५, युद्ध संपल्याची बातमी, टाइम्स स्क्वेअर, पांढऱ्या पोशाखातल्या मुलीला मागे वाकवून चुंबन घेणारा खलाशी. आल्फ्रेड आयझेनस्टाटने त्याचे लागोपाठ ४ फोटो काढले. ती मुलगी म्हणून जिला बहुतेक जण मानतात त्या ग्रेटा झिमर फ्रीडमन दंतवैद्याकडे काम करायच्या. खूप वर्षांनी त्यांनी सांगितलं, की चुंबनाची निवड त्यांची नव्हती. तो माणूस आला आणि त्याने धरलं. तो कोण हेही त्यांना माहीत नव्हतं. व्हिक्टर जॉर्गेनसन नावाच्या नौदलाच्या छायाचित्रकाराने तोच क्षण दुसऱ्या कोनातून टिपला आहे. दोन कॅमेरे, दोन कोन, हजारो लोक, आणि त्या बाईला काय वाटलं हे कळायला काही दशकं जावी लागली. कारण कुणी विचारलं नाही.

हे लिहिताना माझ्याच घरातली गोष्ट आठवते आणि हसू येतं. आमच्या दोघांत लग्नाचं बोलणं झालं ते एका बसथांब्यावर, तेरा वर्षांपूर्वी. नवऱ्याचं म्हणणं, पाऊस पडत होता आणि मी विचारलं. माझं म्हणणं, पाऊस थांबलेला होता, नुसतं पत्र्यावरून टपटपत होतं, आणि विचारलं त्याने. दर वर्षी कुणीतरी पाहुणा निघतो जो "तुमचं कसं जमलं?" म्हणून विचारतो आणि दर वर्षी आम्ही दोघं दोन गोष्टी सांगतो, एकमेकांना तोडत. मधल्या काळात त्याच्या गोष्टीत एक कुत्रं आलं. आधी नव्हतं ते. माझ्या गोष्टीत बस आली तरी आम्ही चढलो नाही असं आहे, आणि ते मी अगदी शपथेवर सांगू शकते, जरी मनात कुठेतरी वाटतं की आम्ही चढलो होतो. त्या दिवसाचा एकही फोटो नाही. असता तर पाऊस होता की नाही याचा निकाल लागला असता. पत्र्याखाली मी काय चेहरा केला होता याचाही लागला असता. मी क्षणभर इकडेतिकडे बघितलं असेल का? बस येतेय का म्हणून तरी नक्कीच बघितलं असणार.

सकाळी मी तिला लिहिलं. आधी लांबलचक लिहिलं, मग पुसलं. शेवटी एवढंच: "८ फोटो मी काढून ठेवले होते. चूक माझी. हवे असतील तर पाठवते." पाठवायचे कुणाला हा एक पेच होताच. काम त्याने दिलं होतं, पैसे त्याने दिले होते, फोटोंची लिंक त्याच्या नावाने होती. रीतसर बघितलं तर आधी त्याला विचारायला हवं. पण चेहरा तिचा होता. मी त्याला विचारलं नाही, हे बरोबर केलं असं मी म्हणणार नाही. त्या सकाळी मला तेच जमलं. पाच मिनिटांत उत्तर आलं, "पाठवा." पाठवले. मग दिवसभर काही नाही. मी दुसऱ्या कामाचे फोटो उघडून बसले आणि फोन उलटा ठेवला, तो सुलटा केला, पुन्हा उलटा.

संध्याकाळी तिचा मेसेज आला, आणि तो मी इथे तिच्या परवानगीने जवळजवळ जसाच्या तसा देते आहे. "मी तुम्हाला शोधत होते. त्याने सकाळी तीनदा मला तोच निळा स्वेटर घाल म्हणून सांगितलं. स्टेशनात मला हाताला धरून चार पावलं डावीकडे नेलं. सॅक काढून ठेवली, कधी ठेवत नाही. तो खाली बसला तेव्हा डोक्यात पहिला विचार आला की कॅमेरा कुठेतरी असणार. म्हणून बघत होते. दिसलात. बरं वाटलं की राग आला ते आता आठवत नाही. फोटोत बघून वाटतंय की राग आला."

आणि खाली वेगळ्या ओळीत: "तुम्हाला काय वाटलं होतं?"

मी काय वाटलं होतं ते सांगितलं नाही. "तुम्ही घाबरलात असं वाटलं" एवढं लिहून पुसलं आणि "काही नाही, फोकस हलला असं वाटलं" असं लिहिलं. म्हणजे पुन्हा तेच केलं. तिचं उत्तर खरं मानावं असं मला वाटतं, आणि मानतेही, निम्म्याहून जास्त. पण ते ओढलेले ओठ माझ्याकडे बघायच्या आधीचे आहेत, ४१५ मधले. कॅमेरा शोधताना माणूस ओठ आत ओढतो का? कदाचित ओढतो. मी आरशासमोर करून पाहिलं, दोन्ही जमतं. आणि समजा तिचंच सगळं खरं, तर त्यात मला हायसं वाटावं असं काय आहे? आयुष्यातला तो एक सेकंद, आणि त्यात ती समोरच्या माणसाकडे बघण्याऐवजी मला शोधत होती. फलकाआडची मी. लपायचे एवढे धडे गिरवून शेवटी त्या सेकंदाचा मोठा भाग मीच खाल्ला. पुढच्या आठवड्यात आणखी एक काम आहे, समुद्राकाठी. मी त्या मुलाला सांगणार आहे की स्वेटर कुठला घालायचा ते तिला ठरवू दे. बाकी काय सांगावं ते अजून ठरलेलं नाही.

तिने निरोप घेताना लिहिलं होतं, "त्याला पाठवू नका. मीच दाखवेन." दाखवेल की नाही हे माझं काम नव्हतं, तरी मला ते दिवसातून दोन-तीनदा आठवत राहिलं. दहा-बारा दिवसांनी तिच्या नंबरवरून एक व्हिडिओ आला, सोबत अक्षरही नाही. टेबलावर ती वही, तळहाताएवढी, जाड. एक अंगठा येतो आणि पानं सोडतो. मी पहिल्यांदा फक्त मागे बघितलं. लाल बॅगवाला माणूस धावत येतो, खांबामागे जातो, खांबातून बाहेर पडतो, पाय नीट जमिनीला टेकवत. कुठेही धक्का नाही. मग पुन्हा लावला आणि हिरव्या कोटातल्या बाई बघितल्या. तिसऱ्या वेळी अंगठा बघितला. नख रुंद, कडेला शाईचा डाग, पुरुषाचा अंगठा. डबी धरलेल्या हाताचे मी शंभरेक फोटो निवडले होते, तो मला ओळखता येतो. पानं सरसर पडत जातात आणि साधारण ४१७ च्या आसपास तो अंगठा किंचित थांबतो, मग पुढे जातो.

नव्या वहीत कागद कधी कधी चिकटतात म्हणा.